गुलाबरावांच्या आत्याबाई

गुलाबराव ऑपरेटरांच्या आत्याबाईंचं वजन वीस टन आहे. हे आम्हा नवराबायकोला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या दिवशी आमच्या घरी पंधरा माणसांचं पुरण शिजलं नसतं.

मी तेव्हा ओव्हरसिअर म्हणून वरवट बकालला नुकताच रुजू झालो होतो. मूळचा देऊळगाव राजाचा. जिल्हा एकच, पण त्या टोकाची भाषा या टोकाला पोचेपर्यंत निम्मी बदलते. आल्यावर आठच दिवसांत घरी फोन आला. मी बाहेर होतो, तो मंदानं घेतला.

"बाईसाहेब, साहेबाले सांगा, उद्या आत्याबाई येऊन राह्यल्या. सोबत जावई बी हाये. सासरेबुवा मांगून येतीन, त्यायले चालाले वेळ लागते."

कुणाच्या आत्याबाई, हे मंदानं विचारलं नाही. पाहुणा कोण म्हणून चौकशी करणं तिच्या माहेरच्या रीतीत बसत नाही. तिला वाटलं माझ्याकडचे कुणी. मला वाटलं तिच्याकडचे. दोघंही एकमेकांवर मनातल्या मनात चरफडत बाजार करून आलो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दारासमोर एक लांबलचक ट्रेलर थांबला. त्यावर पिवळाधमक पोकलॅन. मागून जेसीबी. मंदा हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी. केबिनमधून एक काटकुळा, पन्नाशीचा माणूस उतरला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "साहेब, आल्या आत्याबाई. कुठी उतरवू?"

सासरेबुवा, म्हणजे रोलर, दुपारी दोनला आले. तोवर गुलाबराव आणि ट्रेलरवाले मिळून बारा पोळ्या संपवून बसले होते.

मंदा आधी फणकारली आणि मग हसत सुटली. गुलाबरावांना मात्र फार लाजल्यासारखं झालं. खाल्ल्या अन्नाची फेड म्हणून त्यांनी अंगण न्याहाळलं. आमचं तुळशी वृंदावन एका बाजूला कललेलं होतं. ते पोकलॅनवर चढले, बकेटला साखळी बांधून घेतली, आणि ते दगडी वृंदावन असं अलगद उचलून सरळ ठेवलं की एक मंजिरीसुद्धा गळली नाही. मंदा त्या दिवसापासून पोकलॅनला आत्याबाईच म्हणायला लागली.

यंत्रांना नात्यानं हाक मारायची, हे गुलाबरावांचं साधं वेड नव्हतं. त्यांचं सगळं शास्त्र त्यात होतं. मी एकदा विचारलं, की पोकलॅन ही आत्याबाई का?

"काऊन म्हंजे? एका जागी बसते आन् गरगर फिरून साऱ्या घराले हात घालते. तिले दोन दांडे, साहेब. पण काम चार. हात वर घ्या, कोपर मोडा, मूठ वळवा, कंबर फिरवा. चारी एका टायमाले झाले तं आत्याबाई खुश. एकएक कराल तं नुसती आदळआपट."

जेसीबी हा जावई, कारण तो पुढून घेतो, मागून घेतो, आणि रुसला की भर रस्त्यात बसतो. रोलर हा सासरा. त्याच्याशी घाई चालत नाही, आणि गरम डांबरावर त्याला उभं तर मुळीच करायचं नाही. थांबला की तिथे खड्डा. डोझर हा थोरला भाऊ, ढकलायचं एवढंच त्याला ठाऊक. आणि ग्रेडर ही घरातली थोरली सून.

"सगळ्यात कठीण थे. तिच्या पात्याखालून रस्ता रांगोळीवानी निंगाले पायजे. ग्रेडर हातानं नाही चालत, साहेब, बुडानं चालते. सीटवर बसल्या बसल्या समजते, उतार कुठी चुकून राह्यला."

हे मी पुढे एका वरिष्ठ इंजिनिअरांना तसंच्या तसं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

ती वर्षं बीटी कपाशीची होती. पाकिटावर बोंडं मुठीएवढी दिसायची आणि शेतात निघायची ती बघून माणूस गप्प व्हायचा. शेतीत मन न राहिलेले चांगले कर्ते शेतकरी गुलाबरावांकडे येत, "भाऊ, आमाले मशीन शिकवा" म्हणत. गुलाबराव त्यांना पोकलॅनच्या सीटवर बसवत आणि चावी स्वतःच्या खिशात घालत. इंजिन बंद. तासभर नुसतं बसायचं.

"पहिले बिनआवाजाचं बस. मंग आवाजातलं आयकू येईन," असं म्हणून ते झाडाखाली तंबाखू मळत बसत. निम्मे उमेदवार अर्ध्या तासात उठून जात.

दुसरी खोड याहून विचित्र. खोदकाम चालू असताना दर चार बकेटांनी ते खाली उतरत, ताज्या मातीची चिमूट जिभेवर ठेवत, डोळे मिटत, थुंकत आणि पुन्हा वर चढत. मंदा वरणाचं मीठ बघते तसं. मी थट्टेनं विचारायचो, "काय गुलाबराव, फोडणी बसली का?" ते नुसते हसायचे.

घरी ते एकटेच असत. पोरबाळ नव्हतं. बायको सिंधूबाई दोन वर्षांपासून भावाकडे लोणारला राहत होत्या. का, हे गावात कुणी सांगत नसे आणि मीही विचारत नव्हतो.

मग त्यांच्याच शेतात शेततळं मंजूर झालं. नकाशा माझा, मशीन ठेकेदाराचं आणि ऑपरेटर स्वतः शेतमालक. मला वाटलं, इतकं सरळ काम आयुष्यात पुन्हा मिळायचं नाही.

नकाशात खोली होती दहा फूट. सात फुटांवर गुलाबराव उतरले, माती चाखली आणि पुन्हा वर चढले ते फक्त इंजिन बंद करायला. चावी काढून खिशात घातली.

"आत्याबाई आता उठत नाही, साहेब."

ठेकेदार तणतणला. मशीन उद्या दुसरीकडे जायचं होतं. मीही चिडलो. मंजुरी दहा फुटांची; सातावर थांबलं तर मी तळं पास कसं करणार? काम रद्द झालं असतं, आणि पुन्हा कधी मंजूर झालं असतं ते देव जाणे. मी आवाज चढवला. त्यांनी मातीची एक चिमूट माझ्यासमोर धरली.

"चाखा."

सरकारी माणसानं काय काय तोंडात घालावं याला मर्यादा आहे. तरी घातली. चिकट, कडवट, आणि जिभेच्या शेंड्याला स्पष्ट खारट.

"आपला हा खारपाणपट्टा, साहेब. वरतं गोड, खालतं खारं. अजून दोन फूट गेलो तं खालचा पाझर फुटते. मंग वरून कितीबी पाणी पडो, तळं खारंच."

"ही चव कुणाकडून शिकलात?"

ते बकेटवर टेकले. मग समोरच्या विहिरीकडे बोट दाखवलं. तिच्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या.

"थ्या साली कपाशीले पाणी कमी पडून राह्यलं होतं. म्या सुट्टीत मशीन आणली, हीर खोल कराले घेतली. सिंधू काठावर. वर आलेली माती तिनं चाखली आन् वरडली, थांबा, खारट लागून राह्यली. इंजिनाच्या आवाजात मले आयकू आलं नाही, असं म्या लोकायले सांगतो." त्यांनी टोपी काढली. "आयकू आलं होतं, साहेब. पण मले वाटलं, मशीन मी चालवतो का हे?"

पुढच्या दोन बकेटांनी विहीर खारी झाली. ते पाणी पाजलेली कपाशी कडेकडेनं करपली. सिंधूबाई भांडल्या नाहीत. "तुमच्या मशिनीले कान नाहीत, आन् तुमालेबी नाहीत," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी भरली. खाऱ्या पाण्याला विटून निघालेली बाई गेली ती थेट खाऱ्या सरोवराच्या गावाला. हे सांगताना गुलाबरावांना जरासं हसू आलं, मला आलं नाही.

मी तिथेच बांधावर बसून नकाशा पुन्हा काढला. खोली सात फूट. तेवढंच पाणी मावावं म्हणून लांबीरुंदी वाढवली. वरिष्ठांना समजावायला आठवडा गेला, बोलणीही खाल्ली, पण तळं पास झालं. ठेकेदाराला मी कसं थांबवून ठेवलं ते मी मंदालाही सांगितलेलं नाही.

पावसाळा सरता सरता तळं काठोकाठ भरलं. दिवाळीला मी गावी निघालो, तेव्हा गुलाबराव एसटी स्टँडवर आले. हातात पाण्याची बाटली. तुरटी फिरवून, फडक्यातून दोनदा गाळलेलं पाणी.

"लोणारवरून जासान ना? माझं नाव सांगू नोका. फक्त प्याले द्या."

लोणार माझ्या वाटेवर नव्हतं. मी वाट बदलली.

सिंधूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. बाटली कुणाची ते त्यांनी विचारलं नाही. एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला, डोळे मिटून. गुलाबरावांनी ही खोड कुठून उचलली ते मला तेव्हा दिसलं.

"किती खोल खणलं?"

"सात फूट."

"थांबवलं कोनं?"

"कुणी नाही. ते स्वतःच थांबले. आम्ही सगळे खणा म्हणत होतो."

सिंधूबाई उठल्या. पदरानं बाटली पुसली, उरलेलं पाणी आत नेऊन ठेवलं आणि मला चहा दिला. गुलाबरावांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. परत आल्यावर मी त्यांना दोन दिवस टाळलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर मंदा कपाळाला हात लावून बसलेली.

"तुमच्या गुलाबरावांचा फोन होता. काय घाबरल्यागत बोलत होते! म्हणे, साहेबाले सांगा, उद्या मंडळी येऊन राह्यली. आत्याबाई झाली, जावई झाला, सून झाली. आता ही मंडळी कोणतं मशीन हो? आणि किती टनाचं?"

मी बूट काढले, पाणी प्यालो, मग म्हणालो, "मंदा, हरभऱ्याची डाळ आहे ना घरात?"

"आहे. का?"

"पुरण घाल. या वेळी खरंच पाहुणे आहेत."