तबकड्या कोणी आणायच्या

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चष्मेवाल्यांनी मैदानावरच्या कोठीचं कुलूप काढलं, आत डोकावून पाहिलं, दार लावून घेतलं आणि पुन्हा उघडलं. आत काही फरक पडला नव्हता. तीन संस्थांची तीन यंत्रं स्वच्छ पुसून ओळीने उभी होती. काडतुसांच्या पेट्या होत्या, कान झाकायचे हेडफोन होते, दोनशे कागदी पेले होते आणि 'या, नेम धरून पाहा' असं रंगवलेला फलक होता. तबकड्या नव्हत्या.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगायचं तर, यंत्र बशीएवढी मातीची तबकडी हवेत भिरकावतं आणि नेमबाजाने ती उडती असतानाच बंदुकीने फोडायची असते. तबकडी वगळली तर उरतात ती बंदूक घेऊन आकाशाकडे बघणारी माणसं. आणि तासाभरात तशी दीडशे माणसं येणार होती.

चष्म्याचं दुकान चालवता चालवता चष्मेवाले गेली चौदा वर्षं सर्वांत जुन्या नेमबाजी संस्थेचे चिटणीस होते. दुसरी संस्था त्यांच्या मेहुण्याची. मेहुणा जनावरांचा डॉक्टर. तोही आधी जुन्याच संस्थेत होता. अकरा वर्षांपूर्वी अंतिम फेरीत त्याने शेवटच्या तबकडीवर गोळी झाडली, तबकडीवरून धूळ उडाली आणि तबकडी अखंडच्या अखंड खाली आली. पंच होते चष्मेवाले.

"तुकडा पडला नाही. म्हणजे फुटली नाही," ते म्हणाले होते.

"मग धूळ काय मी फुंकर मारून उडवली?" डॉक्टर म्हणाला होता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर एकोणीस सभासद घेऊन बाहेर पडला आणि त्याच मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याने नवी संस्था काढली. तेव्हापासून दोघांचं बोलणं चष्मेवाल्यांच्या बायकोमार्फत चाले. एका टेबलावर जेवायला बसले तरी, "ताई, भाऊजींना जरा मीठ सरकवायला सांग," असं डॉक्टर म्हणे आणि भाऊजी ते ऐकून ताईने सांगेपर्यंत थांबत.

तिसरी संस्था हेडबाईंची. या निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्या दोन संस्थांच्या भांडणाने नेम ढळतो म्हणून त्यांनी शांतताप्रिय लोकांची वेगळी संस्था काढली होती. चष्मेवाले आणि डॉक्टर दोघांनाही त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण वागत मात्र शिकवल्यासारख्या.

अशा तीन संस्थांचे मिळून एक्केचाळीस सभासद. त्यामुळे महिन्यापूर्वी क्रीडा अधिकाऱ्यांचं पत्र आलं, की पन्नास नवे सभासद झाले नाहीत तर मैदान वाहनतळासाठी देण्यात येईल. वाहनतळ म्हटल्यावर तिघांचं एकदम एकमत झालं. तिन्ही संस्थांनी मिळून लोकांसाठी एक दिवस मैदान खुलं ठेवायचं, असं ठरलं.

त्याची बैठक तीन तास चालली. इतकी गोड बैठक कोणाच्या आठवणीत नव्हती.

"तबकड्या आमच्याकडून," चष्मेवाले म्हणाले.

"हेडबाई, त्यांना म्हणावं, नेहमी त्यांनीच का? आम्ही आणतो," डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही दोघं थकता. यंदा मला आणू द्या," हेडबाई म्हणाल्या.

कोणीच मागे हटेना. शेवटी इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'तबकड्यांची व्यवस्था तिन्ही संस्था मिळून करतील.' मैदानातलं गवत कापण्याबद्दलही हेच वाक्य लिहिलं गेलं. मग टाळ्या झाल्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे घरं तीन होती.

डॉक्टर साडेआठला आला. चष्मेवाल्यांची बायको मांडवात नावनोंदणीच्या टेबलाशी फॉर्मांची चळत लावत होती. तिच्या एका बाजूला नवरा येऊन उभा राहिला, दुसऱ्या बाजूला भाऊ.

"ताई, भाऊजींना विचार, तबकड्या कुठे ठेवल्यात."

"अहो, तबकड्या कुठेत विचारतोय."

"त्याच्याकडे होत्या म्हणावं."

"तुझ्याकडे होत्या म्हणतायत."

"त्यांना सांग, इतिवृत्त वाचा."

तिने पेन खाली ठेवलं. "मी इथे फॉर्म भरायला बसलेय. तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली आणि खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली.

मधला माणूस उठून गेल्यामुळे दोघं एकमेकांसमोर आले. मग डॉक्टर घसा खाकरून म्हणाला, "भाऊजी, हेडबाईंनी तरी आणल्या असतील ना?"

हेडबाई त्याच वेळी फाटकातून आत येत होत्या. हातात फक्त पर्स होती. दोघांनी त्या पर्सकडे पाहिलं आणि ओळखलं.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, माल उद्या दुपारी पोचेल. तोवर लोक येऊ लागले होते. बेकरीवाला सहकुटुंब आला. बसची एक वाहक बाई ड्यूटीवर जायच्या आधी तशीच गणवेशात आली. सहलीला निघाल्यासारखे टोप्या घातलेले पंधरा पेन्शनर आले. आणि नऊला पाच कमी असताना क्रीडा अधिकारी आले. त्यांचा चेहरा असा होता की वाहनतळाचा आराखडा खिशातच असावा.

"बाई, सुरक्षेवर तुमचं दहा मिनिटांचं भाषण आहे. ते थोडं ताणता येईल का?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"छत्तीस वर्षं शिकवलंय मी," हेडबाई म्हणाल्या. "विषय सांगू नका. वेळ सांगा."

त्यांनी रिकामी बंदूक मधून उघडी करून हातात घेतली आणि सुरुवात केली. बंदूक कशी धरावी, कशी धरू नये, कोणाकडे रोखू नये. कोणाकडे रोखू नये यातच वीस मिनिटं गेली, कारण त्यांनी नातेवाईक एकेक करून घेतले.

कोठीमागे दोघं उभे होते. समोर कमरेइतकं गवत वाऱ्यावर डुलत होतं.

"गवतात असतील," डॉक्टर म्हणाला.

"काय?"

"तबकड्या. नेम चुकला की तबकडी गवतात पडते. गवत मऊ आहे. फुटत नाही."

"आमच्या लोकांचे नेम फारसे चुकत नाहीत," चष्मेवाले म्हणाले.

"आमचेही नाहीत."

दोघंही एकदमच गवतात शिरले. पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा डॉक्टरच्या हातात चौदा तबकड्या होत्या आणि चष्मेवाल्यांच्या हातात नऊ. अडचण एवढीच होती की तिन्ही संस्थांच्या तबकड्यांचे रंग वेगळे होते. जुन्या संस्थेच्या केशरी, डॉक्टरच्या काळ्या आणि हेडबाईंच्या पिवळ्या. गवतातून जी वस्तू निघत होती ती कोणाची चूक, हे लांबूनही दिसत होतं. दोघंही फक्त समोरच्याच्या रंगाच्या घेऊन आले होते.

"तुमच्या भरपूर आहेत तिकडे," डॉक्टर म्हणाला.

"तुझ्याही."

पन्नासाव्या मिनिटाला हेडबाईंचे दूरचे नातेवाईकही संपले. त्यांनी वळून पाहिलं तर दोन चिटणीस गवतात वाकून पुढे सरकत होते. मग सगळ्या बंदुका त्यांनी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

"आता प्रात्यक्षिक," त्या म्हणाल्या. "या खेळाची पहिली पायरी म्हणजे मैदानाची ओळख. एका हाताच्या अंतरावर रांगेत उभे राहा. तबकडी दिसली की उचला. तुकडे नकोत. अखंड हवी."

दीडशे माणसं गवतात शिरली. सुरुवातीला लोक कर्तव्य म्हणून शोधत होते. मग बेकरीवाल्याला एका जागी सहा सापडल्या आणि त्याने ती जागा कोणाला सांगायचं नाकारलं. तिथून चुरस लागली. पेन्शनरांनी मैदानाचे चौकोन पाडून वाटून घेतले. वाहक बाईने खांद्यावरची पिशवी रिकामी करून तिच्यात तबकड्या भरल्या आणि "पुढे सरका, पुढे जागा आहे," म्हणत सगळी रांग हलवली. क्रीडा अधिकारी अर्धा तास कडेला उभे होते. मग त्यांच्या बुटाखाली काहीतरी लागलं. त्यांनी ते उचललं, पुसलं, आणि पँट पोटरीपर्यंत दुमडून आत गेले.

साडेदहाला चष्मेवाल्यांच्या बायकोने ढीग मोजले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "केशरी एकशे बारा. काळ्या एकशे नऊ. पिवळ्या तीनशे चार."

तीनच्या फरकाने का होईना, डॉक्टरने जिंकल्यासारखं भाऊजींकडे पाहिलं. पण सगळ्यांच्या नजरा हेडबाईंकडे होत्या.

"नेम कसा धरायचा ते मी शिकवते," हेडबाई शांतपणे म्हणाल्या. "लागलाच पाहिजे असं मी कधी म्हटलेलं नाही."

मग नेमबाजी सुरू झाली. पावसापाण्यात पडून राहिलेल्या तबकड्यांपैकी काही यंत्रातच फुटल्या. "लागली का?" असं पेन्शनर विचारत, आणि त्यांनी अजून बंदूक उचललेली नसे. वाहक बाईची पाळी आली. तिने दोन्ही पाय बसमध्ये रोवावेत तसे रोवले आणि गोळी झाडली. तबकडीवरून धूळ उडाली आणि तबकडी अखंड गवतात पडली.

मैदानावर तिघांनाच कळलं की आता काय होणार.

"लागली," चष्मेवाले म्हणाले. पन्नास सभासद हवे होते. अशा वेळी माणूस उदार होतो.

"नाही लागली," डॉक्टर म्हणाला. त्याने अकरा वर्षं नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. सुरुवात भाऊजींना चूक ठरवण्यासाठी केली होती, आणि चौथ्या वर्षी त्याला कळलं होतं की ते बरोबर होते. ते मात्र त्याने ताईमार्फतही कळवलं नव्हतं. "तुकडा दिसायला हवा. नियम नऊ."

"धूळ काय आपोआप उडाली?"

"भाऊजी, तुम्हीच म्हणाला होतात."

"तेव्हा मी पंच होतो. आता यजमान आहे."

"म्हणजे मी अकरा वर्षं नियम वाचायचा आणि तुम्ही यजमान व्हायचं?"

"तू वाचलास? मग तेव्हा माझं बरोबर होतं, हे तुला..."

डॉक्टर गवतात पडलेल्या तबकडीकडे बघू लागला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "बरं, नाही लागली," ते म्हणाले. "पण तिला आणखी एक संधी देऊ."

"दोन देऊ," डॉक्टर म्हणाला. मग एक की दोन यावर वाद सुरू झाला.

क्रीडा अधिकारी मध्ये पडायला निघाले तेव्हा चष्मेवाल्यांच्या बायकोने त्यांना थांबवलं. "राहू द्या साहेब," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी बोलतायत. जरा भांडू द्या." तिने डोळ्यांना रुमाल लावला आणि पुढचा फॉर्म ओढला.

नवशिके असल्यामुळे बहुतेक सगळ्यांचे नेम चुकत होते, आणि त्यामुळे तबकड्या संपत नव्हत्या. दर फेरीनंतर भोंगा वाजे, हेडबाई बंदुका कपाटात टाकून किल्ली गळ्यात अडकवत, आणि लोक गवतात धावत. दुपारपर्यंत गवतात जाण्यासाठीची रांग बंदुकीच्या रांगेपेक्षा लांब झाली.

अडुसष्ट फॉर्म भरले गेले. क्रीडा अधिकाऱ्यांनी जागेवरच शेरा लिहिला. वाहनतळासाठी दुसरी जागा पाहावी. रात्री फॉर्म लावताना मात्र चष्मेवाल्यांना एक गोष्ट दिसली. 'कोणत्या संस्थेत प्रवेश हवा' या रकान्यात बारा जणांनी तीनपैकी एका संस्थेचं नाव लिहिलं होतं. उरलेल्या छप्पन्न जणांनी लिहिलं होतं, 'गवत'.

अशा रीतीने तीन संस्था एकत्र आल्या आणि चार झाल्या. तबकडी शोध मंडळाच्या अध्यक्षपदी चष्मेवाल्यांची बायको बिनविरोध निवडून आली. बाकी तिघांनीही सहकार्यात कसूर केली नाही. नव्यांना शिकवायला डॉक्टर आणि चष्मेवाले एकत्र उभे राहू लागले. दोघं मिळून शिकवत असल्यामुळे लोकांचे नेम सुधारले.

तीन महिन्यांनी संयुक्त बैठकीपुढे शोध मंडळाचं पत्र आलं. हेडबाईंनी ते वाचलं. 'गेल्या रविवारी छप्पन्न सभासदांना मिळून सात अखंड तबकड्या सापडल्या. दोन सभासद राजीनाम्याच्या विचारात आहेत. नेमबाजांनी असा स्वतःपुरता विचार केला तर हा खेळ वाढणार कसा? आपली, अध्यक्षा.'

"ताईला समजावून सांगायला हवं," डॉक्टर म्हणाला.

"मग सांग. तुझी बहीण आहे."

"तुमची बायको आहे, भाऊजी."

दोघंही खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर गवत पुन्हा वाढलं होतं आणि या वेळी ते न कापण्याचा ठराव होता.

हेडबाईंनी पत्राची घडी घातली.

"येत्या रविवारपासून," त्या म्हणाल्या, "मी तासभर लवकर येऊन नेम धरत जाईन."