फुर्र

"हे बघ बबडी, सरबत आहे सरबत!" बाबा म्हणाले आणि तिथेच त्यांनी घोळ घातला. सरबत द्यायला घरात कधी कुणी एवढी लाडीगोडी लावत नाही, हे चार वर्षांच्या बबडीला पक्कं ठाऊक होतं.

तिची दाढ किडून गाल सुजला होता. मागच्या खेपेला दातांच्या दवाखान्यातली खुर्ची बघताच तिने असा टाहो फोडला, की बाहेर बसलेले पेशंट "उद्या येतो" म्हणून सटकले. त्याच्या आधी तर ती डॉक्टरीणबाईंच्या बोटालाच चावली होती. म्हणून आज तोंडाने घ्यायचं गुंगीचं औषध. ते घेऊन मूल पेंगतं, पण हाक मारली तर ओ देतं. आजही जमलं नाही तर मोठ्या इस्पितळात पूर्ण भूल द्यावी लागणार होती. त्या धास्तीने आईबाबांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बबडीने औषध तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि बाबांच्या शर्टावर फुर्र केलं.

"अगं बाई! डॉक्टर, आणखी थोडं द्या ना," आई रडवेली झाली.

"नाही देता येत. पोटात किती गेलं आणि शर्टावर किती, कुणाला ठाऊक? वर आणखी दिलं तर जास्त व्हायचं."

"शर्ट पिळून बघू का?"

"तुम्ही गप्प बसा हो!"

डॉक्टरीणबाईंनी तिघांना शेजारच्या खोलीत पाठवलं. "थोडं गेलं असेल तर कळेलच. गडबड करू नका." सिस्टरने बबडीच्या बोटाला नाडीचा चिमटा लावला, दिवा मंद केला आणि ती तिथेच बसून राहिली.

"डोळे मिटतायत का हो तिचे?" आईने कुजबुजत विचारलं.

"मोठे होतायत."

"श्वास बघा!"

"घेतेय."

"जरा जास्तच घेतेय का?"

आता बाबाही पलंगाजवळ सरकले. त्यांनी बबडीची नाडी धरली, ती सापडेना, मग कळलं की घाबरून स्वतःचाच अंगठा दाबून धरलाय. आई देवाचं नाव घेत बबडीला थोपटू लागली. बाबांनी घोगऱ्या आवाजात अंगाई धरली. बबडी दोघांच्या तोंडांकडे टकामका बघत होती.

बाबांना जाग आली तेव्हा आई खुर्चीत कलंडली होती आणि पलंग रिकामा होता.

"बबडी!" एकाच पायात चप्पल घालून ते धावले.

"श्शू!" सिस्टरने त्यांना दारातच अडवलं. आत बबडी खुर्चीत आ वासून पडली होती आणि डॉक्टरीणबाई कामात गढल्या होत्या.

"चढलं वाटतं औषध?"

"छे हो, टक्क जागी आहे. तुम्ही दोघं घोरायला लागलात तशी आपली आपण खाली उतरली. म्हणाली, आता पटकन काढा. ते जागे असले की खूप घाबरतात, मग मलापण भीती वाटते."

तेवढ्यात बबडीने मान वळवली. "बाबा, तू का उठलास? झालं नाहीये अजून!"

बाबा मुकाट्याने परत फिरले, आईशेजारी बसले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. झोप कसली येतेय! पण पलीकडच्या खोलीत नीट ऐकू जावं म्हणून ते जोरजोरात घोरू लागले.