धोक्याचे चाळीस गुण

आधीच कबूल करते, मूर्खपणा माझाच. घरी कुणी येणार म्हटलं की माझा हात आपोआप झाडूकडे जातो. लाइटचं मीटर बघायला माणूस येणार असेल तरी मी पायपुसणं बदलते. (मीटर फाटकाबाहेर आहे.)

गेल्या उन्हाळ्यात जंगलातला वणवा आमच्या मागच्या कुंपणापर्यंत आला आणि वाऱ्याच्या मर्जीने माघारी फिरला. तेव्हापासून शेजारच्या कुंपणालगतचं, आमच्या स्वयंपाकघराच्या छपरावर झुकलेलं वाळकं झाड माझ्या डोक्यातून जाईना. भाजी परतताना एक डोळा कढईत, एक झाडावर. तोडणाऱ्याने जो आकडा सांगितला, त्यात नवीन स्वयंपाकघर झालं असतं.

तेवढ्यात सरकारी योजना आली. घराभोवतीचा आगीचा धोका कमी करायला अनुदान! साहेब येऊन पाहणी करणार, धोक्याला गुण देणार. चाळीस भरले की झाड सरकारी खर्चाने आडवं. आख्ख्या गल्लीने अर्ज केले.

"गुरुवारी साहेब येतायत," नवऱ्याने सांगितलं.

झालं! बुधवारी मी कंबर कसली. पालापाचोळा, सुकलेलं गवत, भिंतीला टेकवलेल्या जुन्या फळ्या, सगळं उचललं. टाकायचं कुठे? शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर लेकीकडे गेले होते. दिलं कुंपणापलीकडे ढकलून. (तात्पुरतं हो! शुक्रवारी उचलणारच होते.)

सासूबाई खिडकीतून बघत होत्या.

"अगं, तो धोका बघायला येतोय ना? मग तू धोका कुठे टाकतेयस?"

"असं गचाळ अंगण दाखवायचं का आई, परक्या माणसाला?"

"डॉक्टरकडे जाशील तीसुद्धा बरी होऊन जाशील तू!"

गुरुवारी साहेब फाइल घेऊन आले.

"पालापाचोळा?"

"एक पान सापडणार नाही!" मी छाती फुगवून म्हटलं.

"सुकं गवत?"

"मुळासकट काढलंय!"

"लाकूडफाटा?"

"छे! आमच्याकडे नसतं बाई असलं."

नवरा मागून खोकत होता. मी त्याला पाणी आणून दिलं.

साहेबांनी बेरीज केली. "एकतीस. तेही झाडामुळे. चाळीस लागतात."

"अहो, पण कालपर्यंत पन्नास होते!"

"कालचे गुण देता येत नाहीत. अभिनंदन, तुमचं घर सुरक्षित आहे." हे ते त्या झाडाच्या सावलीत उभं राहून म्हणाले.

मग ते शेजारी, सकाळीच परतलेल्या पोस्टमास्तरांकडे गेले. पाच मिनिटांत साहेबांचा आवाज आला, "बासष्ट! गल्लीत पहिले!"

(शाळेत मी कधी नापास झाले नाही. चाळिशी ओलांडल्यावर स्वच्छतेत झाले.)

नवरा आठ दिवस माझ्याशी फक्त मिठापुरतं बोलला. सासूबाई मात्र भरपूर बोलल्या.

महिन्याभराने करवतींचा आवाज आला. पोस्टमास्तरांच्या अनुदानात त्यांच्या घरापासून तीस फुटांतलं वाळकं काढायचं होतं, कुंपण मध्ये असलं तरी. आमचं झाड बरोबर सव्वीस फुटांवर! संमतीच्या कागदावर मी इतक्या घाईने सही केली की पेन फाटकातच राहिलं. संध्याकाळपर्यंत छपरावर मोकळं आभाळ. मला तर नाचावंसं वाटलं. चहाचा कप घेऊन मी कुंपणाशी गेले.

"पोस्टमास्तर, एक सांगू? तुमचे ते बासष्ट गुण ना... त्यात माझा थोडा हात आहे."

"माहितीये," ते चहा फुंकत म्हणाले. "फळीवर तुमच्या घराचा नंबर होता."

मी जीभ चावली. "पण बघा ना, माझ्या साफसफाईने दोघांचंही भलं झालं! आता आमच्या घराला धोका म्हणून उरला नाही."

"उरलाय. झाडाचं बूड तुमच्या हद्दीत, म्हणजे लाकूड नियमाने तुमचं. माणसांनी सगळे ओंडके तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून रचलेत. पुन्हा अर्ज करा, चाळीस आरामात होतील. फक्त साहेब येईपर्यंत आवरू नका."