पिवळा दिवा आणि कुमुदिनीबाईंचा कान

बुधवारी सकाळी भाजी आणायला निघालेल्या प्रणवच्या गाडीत पिवळा दिवा लागला आणि त्याच वेळी मागच्या सीटवरून कुमुदिनीबाई म्हणाल्या, "अरे, पुढून फुस्स असा आवाज येतोय."

"एसीचा असेल, आई."

"एसीचा नाही. कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूनं निसटते ना, तसा."

"अगं, रस्त्याचा आवाज तो," प्रणवच्या शेजारी बसलेले जयप्रकाशराव म्हणाले. "गाडीत कुकर कुठून येणार?"

विषय संपला. म्हणजे बापलेकांपुरता संपला. कुमुदिनीबाई पुण्याहून आइंडहोवनला येऊन दोन महिने झाले होते आणि आपण बोलायचं, ह्यांनी रस्त्यावर ढकलायचं, याची त्यांना लग्नापासून सवय होती.

दिवा मात्र रस्त्यावर ढकलता येण्यासारखा नव्हता. इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा पाहून प्रणवची बायको उत्तरा घरी कपाळाला हात लावून बसली. "शुक्रवारी साडेदहाला एपीके आहे आपली! हा दिवा दिसला की नापासच करतात."

एपीके म्हणजे गाडीची सरकारी तपासणी. जुनी मुदत शुक्रवारीच संपत होती. नापास झाली की गाडी दारात उभी. आणि शनिवारी झूटरमेरला मराठी मंडळाचा भोंडला! रुळांच्या कामामुळे त्या दिवशी आगगाड्या बंद, आणि चालू असत्या तरी पाटावर रंगवलेला हत्ती आणि साठ बायकांची खिरापत घेऊन तीन ठिकाणी गाड्या कोण बदलणार? मुख्य म्हणजे सगळी गाणी पाठ असलेली बाई अख्ख्या मंडळात एकच होती. झूटरमेरच्या शामलाताईंनी दोनदा फोन करून सांगितलं होतं, "काकू, तुम्ही नाही आलात तर आम्ही फोनमध्ये बघून गाणार. हत्तीलासुद्धा लाज वाटेल हो!" कुमुदिनीबाईंनी पुण्याहून आणलेली मोतिया रंगाची पैठणी त्यासाठी काढून ठेवली होती. या परक्या देशात पहिल्यांदाच कुणाचं तरी त्यांच्यावाचून अडलं होतं.

अडलं तर जयप्रकाशरावांचंही होतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून काढलेला हा माणूस आइंडहोवनला आल्यापासून नुसता बसून होता. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, आणि सायकलवर बसले तर चार वर्षांची पोरं घंटी वाजवून पुढे जातात. पिवळा दिवा पाहून त्यांचा चेहरा इतका उजळला की उत्तराला तेव्हाच धास्ती वाटली.

प्रणवनं गाडीला एक छोटा रीडर जोडला आणि फोनवर वाचलं. "ऑक्सिजन सेन्सर म्हणतोय, हवा जास्त होतेय, पेट्रोल कमी."

"हा कोण बाबा?"

"धुराच्या नळीत बसलेला असतो, बाबा. धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते हुंगतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो."

"म्हणजे आमचा तिकीट चेकर!" जयप्रकाशरावांनी मांडीवर थाप मारली. "कंडक्टरनं काय घोळ घातला ते डेपोत कळवणारा. चेकरच बिघडलाय, दुसरं काय! काजळी धरली असणार. काढून घासला की झालं."

"तो घासायचा नसतो, बाबा."

"घासायचा नसतो अशी वस्तू अजून बनायची आहे."

प्रणव चिपच्या कंपनीत इंजिनिअर. दिवसभर तो सेन्सरचंच काम करी, पण त्याचे सेन्सर तांदळाच्या कणीएवढे आणि काचेपलीकडचे. हाताला काळं लागणाऱ्या सेन्सरशी त्याची ओळख नव्हती. त्यात गुरुवारी घरून काम, आणि सकाळपासून मीटिंगा. दारात बापानं बॉनेट उघडलेलं त्याला खिडकीतून दिसत होतं, पण कॅमेरा चालू होता. तो नुसताच मान हलवत राहिला आणि त्याच्या बॉसला वाटलं, पोरगा सगळ्याला हो म्हणतोय.

बावीसचा पाना, अर्धा तास आणि तीन शिव्या एवढ्यात सेन्सर बाहेर आला. बोटाएवढा, टोकाला भोकं असलेला आणि काळाकुट्ट.

"बघितलंस?" जयप्रकाशराव स्वयंपाकघरात येऊन विजयानं म्हणाले. "हा काय डोंबल हुंगणार!"

"अहो, पण त्या आवाजाचं काय?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"हा साफ झाला की आवाजही जाईल."

त्यांनी तांब्याची भांडी घासायची पावडर काढली, सेन्सर घासला, आणि भोकांत अडकलेली काजळी सुटावी म्हणून वायरसकट वाटीत चिंचेच्या कोळात बुडवून ओट्यावर ठेवला. देवाची भांडी लख्ख होतात, मग हा कोण लागून गेला! तेवढं करून ते कृतकृत्य होऊन डुलकी काढायला गेले.

चिंचेच्या कोळात बुडालेली वस्तू वरून दिसत नाही. संध्याकाळी आमटीला उकळी आली, कुमुदिनीबाईंनी सवयीनं वाटी उचलली आणि उपडी केली. पातेल्यात टण् असा आवाज झाला, आणि पाठोपाठ एक काळी वायर आमटीच्या बाहेर डोकावली.

"अगं बाई! उत्तरा, आमटीत काहीतरी आहे गं! शेपूट आहे त्याला!"

उत्तरा धावली, प्रणव धावला. मीटिंग चालूच होती, त्यामुळे सात देशांच्या लोकांनी "शेपूट!" ऐकलं. जयप्रकाशराव डोळे चोळत आले आणि त्यांनी डावानं सेन्सर बाहेर काढला. मोहरीचे दोन दाणे आणि एक कढीपत्त्याचं पान त्याला चिकटलं होतं.

"उकळलाय ते बरंच झालं," ते म्हणाले.

"बाबा!" प्रणव आणि उत्तरा एकदम ओरडले.

आमटी गेली आणि पिझ्झा आला. पण फोरमन हार मानेना. सेन्सर पुसून, फुंकून त्यांनी परत बसवला आणि गाडी चालू केली. आधी एकच तक्रार होती. आता रीडरवर चार दिसत होत्या, आणि गाडी सर्दी झाल्यासारखी धापा टाकत होती.

मग प्रणव पेटला. बापानं काय करू नये ते दिसलं होतं, आता इंजिनिअरनं काय करावं ते दाखवायची वेळ होती. तो सायकल मारत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला, दुकान बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी पोचला आणि कोरा करकरीत सेन्सर घेऊन आला. तो बसवला, जुन्या तक्रारी पुसून टाकल्या. गाडी चालू केली आणि दिवा गेला!

"झालं!" प्रणव म्हणाला.

"मी म्हणालोच होतो ना, चेकर बिघडलाय," बाप म्हणाला.

दोघांनी एकमेकांना टाळी दिली. जयप्रकाशरावांनी डॅशबोर्डला हळदकुंकू वाहिलं, साखर ठेवली. कुमुदिनीबाई दारात उभ्या राहून नुसत्या ऐकत होत्या.

"अजून येतोय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. जा, हात धुवा."

शुक्रवारी चौघंही निघाली. बापलेकांना विजय मिरवायचा होता आणि सुनेचा या दोघांवर एकटं सोडण्याइतका विश्वास आता उरला नव्हता. गॅरेज दिसायला लागलं, वळण आलं, आणि हळदकुंकवाच्या बरोबर वर पिवळा दिवा टपकन लागला. गाडी पुन्हा धापा टाकायला लागली.

कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "शामलाला फोन कर बाई," त्या सुनेला म्हणाल्या. "सांग, फोनमध्ये बघून गा म्हणावं."

गॅरेजवाला योस हा ताडमाड उंच, मिशाळ माणूस. प्रणवनं त्याला इंग्रजीतून सगळा इतिहास सांगितला, आमटी तेवढी गाळली. "सेन्सर नवा आहे. कालचाच!" असं तो तीनदा म्हणाला. योसनं बॉनेट उघडलं आणि गाडी चालूच ठेवली.

आणि कुमुदिनीबाई खाली उतरल्या. साडीवर कोट, पायात सुनेचे स्पोर्ट्स शूज. डोळे पुसले, पदर खोचला आणि सरळ इंजिनावर कान लावून वाकल्या.

"अगं, भाजेल!" जयप्रकाशराव ओरडले.

"गप्प बसा हो जरा! ऐकू द्या."

डावीकडे, मग जरा मागे, मग एका जाड रबरी नळीपाशी त्या थांबल्या आणि बोट दाखवलं. "इथं. फुस्स."

योसला मराठी येत नव्हतं, पण फुस्स त्याला कळलं. त्यानं त्या नळीवर बोट दाबून धरलं आणि धापा टाकणारी गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली. नळीला खालच्या बाजूनं बोटभर चीर होती. तिथून नको ती हवा इंजिनात शिरत होती.

योस हसायला लागला. प्रणवकडे वळून तो म्हणाला, तुमचा जुना सेन्सर ठणठणीत होता. हवा जास्त होतेय असं तो सांगत होता आणि हवा खरंच जास्त होत होती. खरं सांगणाऱ्यालाच तुम्ही काढून टाकलंत!

प्रणवनं बापाला मराठीत सांगितलं. जयप्रकाशरावांनी वाकून ती चीर स्वतः बघितली.

"आणि आपण त्याला चिंचेत बुडवलं," ते हळूच म्हणाले. मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "तू बुधवारपासून सांगत होतीस."

"त्याच्याही आधीपासून सांगतेय," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "गाडीचं बुधवारपासून."

बाराच्या आत नवी नळी बसली आणि गाडी पास झाली. परतताना जयप्रकाशरावांनी पुढचं दार बायकोसाठी उघडून धरलं आणि स्वतः मागे जाऊन बसले. शनिवारी झूटरमेरला कुमुदिनीबाईंनी पैठणी नेसून साठ बायकांना दीड तास हत्तीभोवती नाचवलं, आणि फेराबाहेर उभे राहून जयप्रकाशराव दिसेल त्याला सांगत होते, "नुसत्या कानानं पकडलं हो आमच्या हिनं! मशीननं नाही सापडलं."

रविवारी सकाळी बापलेक चहा पीत बसले होते. अंघोळीला निघालेल्या कुमुदिनीबाई दारात थबकल्या. "अहो, आवाज येतोय."

एका सेकंदात दोन्ही कप खाली होते. प्रणव वॉशिंग मशीनच्या मागे घुसला. जयप्रकाशराव टॉर्च घेऊन फ्रिजखाली आडवे झाले, जमिनीला कान लावून म्हणाले, "कुठून? डावीकडून की उजवीकडून? तू फक्त सांग!"

कुमुदिनीबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कुकर आहे तो," त्या म्हणाल्या. "चार शिट्ट्या झाल्या. कुणीतरी गॅस बंद करा."