एकतीस आमेन

"अक्काला रक्त लागतंय, कोण येतंय?" चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकलेल्या तिमोथीच्या या प्रश्नावर कुणीच आलं नाही, आणि तो प्रश्न भलत्या फोल्डरात पडला म्हणून चौथ्या दिवशी, दफनाच्या वेळी, कबरस्तानातल्या मातीने अक्काची पेटी परत केली.

यात नवल नव्हतं. मंडळीचे निरोप सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरवार लावायला लागल्यापासून माती तशीच वागत होती. ज्याच्याविषयीचा एकही निरोप चुकीच्या जागी असेल, त्याला ती घेत नसे. 'नाताळ फराळ'मध्ये अडकलेल्या एका निरोपापायी बोर्डे मास्तर गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस चिंचेखाली पडून होते.

पेटी दोरांवरून खाली गेली, तळाला टेकली आणि भाकरी फुगावी तशी हळूच वर आली. गाणाऱ्यांनी कडवं तिथंच थांबवलं.

"बाई, निरोप बघा," पाळकसाहेब म्हणाले.

चिटणीस भिंगारदिवेबाईंनी पिशवीतून मंडळीचा फोन काढला. "साहेब, मी स्वतः त्याच दिवशी लावलाय. 'प्रार्थना विनंती'. खाली एकतीस आमेन आहेत."

"त्यातल्या कुठल्या आमेनचा रक्तगट जुळत होता?" तिमोथीने विचारलं.

"बाळा, कबरीपाशी तोंड सांभाळावं," बाई म्हणाल्या.

बाईंनी निरोप 'आजारी सभासद'मध्ये हलवला. पेटी वीतभर गेली, परत आली. 'तातडीचे'मध्ये टाकायला बाई तयार नव्हत्या, कारण वेळ टळलेला निरोप तातडीचा धरता येत नाही. पाळकसाहेबांनी खास परवानगी दिली. पेटी हललीसुद्धा नाही. 'इतर'मध्ये टाकल्यावर मातीने ती उचलून पाळकसाहेबांच्या बुटांवर ठेवली.

तिमोथीने फोन हिसकावला.

"अरे, नवा फोल्डर काढायला मंडळीच्या पंचांचा ठराव लागतो!" बाई ओरडल्या.

"मग करा सावकाश. तोवर अक्काला तुमच्या घरी ठेवा."

ठराव उभ्याउभ्या झाला.

चौथीत शाळा सोडलेल्या तिमोथीला लिहायला शिकवलं होतं ते अक्कानेच. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्याने फोल्डरला नाव दिलं: 'वाचून गप्प बसलो'.

"बसलो म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"एकतीस जण."

त्याने प्रश्न आत टाकला. पेटी खाली गेली आणि खालीच राहिली. लोकांनी मूठमूठ माती टाकली. तेवढ्यात 'प्रार्थना विनंती'तले आणखी दोनशे निरोप आपले आपण नव्या फोल्डरात जाऊन बसले.

"साहेब, हे बिशपांच्या कचेरीत दिसेल," बाई कुजबुजल्या. "पुसून टाकू का?"

माती जराशी फुगली.

"राहू द्या," पाळकसाहेब म्हणाले.

मग सगळे चर्चच्या व्हरांड्यात चहाला गेले. तिमोथीने हात धुतले. मंडळीच्या फोनची बॅटरी संपत आली होती. त्याने तो चार्जिंगला लावला आणि बटण चालू आहे ना, ते दोनदा बघितलं. पंचांपैकी चौघे सत्तरीपुढचे होते; पुढचा निरोप कधीही येऊ शकत होता.