एस्तेरबाईंची गच्चीवरची कोठडी

"घ्या, बाई निघाल्या परदेशात. आता चहा गार."

पेटीच्या बाजूनं आवाज आला. प्रार्थना चालू असल्यामुळे माझे डोळे मिटलेले होते, पण एवढं हळू आणि एवढं स्पष्ट फक्त जॉनी भियाच बोलू शकतात. ते आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतात; इंदुरात भैयाचा भिया होतो. पुढच्या बाकावर कोणीतरी नाकातून हसलं.

एस्तेरबाई उभ्या होत्या. इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चर्चमध्येही बूट तेच.

"प्रभू, इकडे लक्ष आहे ना?" बाई म्हणाल्या. "सारा. गेल्या रविवारी सांगितली तीच. कोठडीत ओल आहे. तू बघतोयस हे आम्हाला माहीत आहे. बघून पुढे काय करतोस, ते जरा लवकर कळव."

आमची मंडळी लहान आहे. इंदूरमधली मराठी ख्रिस्ती माणसं ती किती असणार! रविवारच्या उपासनेत शेवटी मोकळी प्रार्थना असते, मग चहा. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून जे वाटेल ते मागायचं. कोणी गुडघ्यांसाठी मागतं, कोणी मुलाच्या सिलेक्शनसाठी. प्रार्थना फार लांबली तर बाकीच्यांनी मोठ्यानं "आमेन" म्हणायचं, म्हणजे माणूस समजून खाली बसतो. त्यानंही भागलं नाही तर जॉनी भिया पेटीची एक पट्टी दाबून ठेवतात. हे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण पाळकसाहेबांपासून सगळे पाळतात. एक एस्तेरबाई सोडून. बाईंनी सगळा जन्म मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली, माइक न घेता. पेटीच्या एका पट्टीला त्या काय ऐकणार? पट्टी वाजली की बाईंचा आवाज तिच्या वर चढायचा आणि सारा आणखी जोरात देवापर्यंत पोचायची.

सारा कोण, ते सांगते. एक संस्था दर महिन्याला मोबाईलवर इंग्रजी पत्रक पाठवते. कुठल्या देशात विश्वासणाऱ्यांना धरलं, कुणाच्या घरातली सभा पोलिसांनी मोडली, कुणासाठी प्रार्थना करावी, असं सगळं त्यात असतं. सारा अशाच एका देशातली. घरात चार माणसं जमवून बायबल वाचलं म्हणून तिला तुरुंगात टाकलेलं. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण बाईंची सक्त ताकीद आहे. त्यांच्या मते देशाचं नाव घेतलं की मोबाईल ऐकतो. सारा हेही तिचं खरं नाव नव्हतं. पत्रकात कंसात तसं म्हटलेलं असायचं. मी एकदा भीत भीत विचारलं, "बाई, मग देवाला कळत असेल का कोण ते?"

"प्रॉक्सी हजेरी मला कळायची," बाई म्हणाल्या. "त्याला नाही कळणार?"

भंवरकुआंला आमच्या वरच्याच फ्लॅटमध्ये बाई एकट्या राहतात. लग्न केलं नाही. शाळा हिंदी मीडियमची होती, म्हणून इंग्रजी "ड्रिलपुरतं". एका शनिवारी त्या आमच्या दारात आल्या आणि माझ्याकडे बोट करून आईला म्हणाल्या, "ही इंग्लिश मीडियम ना? पाठवा वर." एवढीच आमची ओळख. तेव्हापासून पत्रक आलं की मी वर जाते, इंग्रजीत वाचते आणि मराठीत सांगते. मी फार बोलणारी नाही. माझ्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरशीच काम असतं आणि मला ते बरं वाटतं. बाईंकडे उत्तरं द्यावी लागत नसत, फक्त प्रश्न झेलावे लागत.

"खिडकी आहे का तिला?"

"लिहिलं नाहीये, बाई."

"मतलब नसणार. असती तर लिहिलं असतं. ए रिबेका, पाठ सरळ. पुढे वाच."

एका थंडीत पत्रकात आलं की साराला पांघरूण दिलेलं नाही. बाईंनी स्वेटर काढून ट्रंकेत टाकला. डिसेंबरभर त्या नुसत्या साडीत शिंकत फिरल्या. जानेवारीच्या पत्रकात वकिलाला भेटू दिल्याची बातमी होती. पांघरुणाचा उल्लेख नव्हता. बाईंनी मला तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायला लावला, मग म्हणाल्या, "वकील आला म्हणजे घोंगडी तरी आणलीच असेल ना त्यानं," आणि स्वेटर घातला. मला वाटतं, तोवर त्यांना ताप होता.

पण लोकांना बाई खऱ्या माहीत होत्या त्या गच्चीमुळे. एका पत्रकात साराच्या कोठडीचं माप आलं. त्याच संध्याकाळी बाईंनी शिवणाची टेप आणि खडू घेऊन आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तेवढा चौकोन आखला. रोज सकाळी त्या कॅनव्हासचे बूट घालून त्या चौकोनात चालायच्या. चार पावलांत भिंत. वळायचं. पुन्हा चार पावलं. रेषेवर पाय पडू द्यायचा नाही.

शेजारी कोचिंगवाल्या मुलांचं हॉस्टेल आहे. ती मुलं दात घासत कठड्याला टेकून बघत राहायची. एकानं शेवटी विचारलंच, "आंटी, ये कौन सा प्रोग्राम है? वेट लॉस?"

"जेल," बाई म्हणाल्या.

"क्या?"

"जेल का प्रोग्राम है. वो वहाँ अकेली चलती है, तो मैं यहाँ चलती हूँ. तू कुल्ला कर."

मुलगा खरंच चूळ भरायला गेला. त्यानंतर ती मुलं बाईंना "जेलर आंटी" म्हणायला लागली. बाईंना ते आवडलं नाही. "जेलर काय? मी आतल्या बाजूला आहे, दिसत नाही का?"

मंडळीचे सेक्रेटरी मनोहर काका मात्र वैतागायचे. भला माणूस, पण त्यांना सगळं रीतसर लागतं. "बाई, जगातल्या दुःखाचा ठेका तुम्ही एकट्यांनी घेतलाय का? इथं आपल्याच लोकांवर काय काय येतं, त्याचं बघा."

"इथल्यांसाठी तुम्ही आहात ना, मनोहरजी? करा की. मी अडवलंय का?"

इथल्यांसाठी मोठ्यानं मागायला आम्ही सगळेच जरा कचरतो. खिडक्या उघड्या असतात, बाहेर कोण ऐकेल काय सांगावं.

आणि मग सारा सुटली. पत्रकात दोनच ओळी होत्या: सारा तुरुंगाबाहेर आहे, देवाचे आभार माना. रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं आणि आमची मंडळी, जी एरवी टाळ्या वाजवत नाही, तिनं टाळ्या वाजवल्या. जॉनी भियांनी पेटीवर अशी काही धून धरली की ती वरातीत चालली असती. मनोहर काकांनी सगळ्यांना जिलबी दिली आणि दोनदा म्हणाले, "आपल्या मंडळीच्या प्रार्थनेनं सुटली." बाई उभ्या राहिल्या. आता अर्धा तास, असं धरून सगळे सावरून बसले. बाई एवढंच म्हणाल्या, "थँक यू, प्रभू. विश्राम." आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसून काढला. त्यानंतर सकाळी त्या वर दिसेनात. जिन्यात भेटल्या तर म्हणायच्या, "गुडघ्यांना समजत नाहीये, सुट्टी लागली ते."

पुढच्या पत्रकात सविस्तर बातमी आली. मी आधी मनातल्या मनात वाचली आणि थांबले. बाई समोर शेंगा सोलत होत्या.

"काय झालं? वाच."

मी वाचलं. सारानं कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की मी ख्रिस्ती नाही, कधी नव्हते, मला फसवलं होतं. म्हणून तिला सोडलं. त्याआधी तिच्याशी काय काय केलं ते थोडक्यात होतं, तेही वाचलं. आता ती भावाच्या घरी होती. बाहेर पडत नव्हती. आणि तिच्याबरोबर बायबल वाचणारी माणसं तिला टाळत होती, कारण तिच्यामागे पोलीस असतील, ती आता त्यांच्यासाठी काम करत असेल, अशी त्यांना भीती होती.

मला वाटलं, बाई चिडणार. प्रभुभोजनाच्या वेळी च्युइंगम चघळला म्हणून एका मोठ्या बाप्याला त्यांनी दंड धरून बाहेर काढलेलं मी पाहिलं होतं. पण बाई नुसत्या शेंगा सोलत राहिल्या. टरफलं भांड्यात आणि दाणे खाली पडत होते, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

"मी शाळेत टिकली लावायची," बाई म्हणाल्या.

मला काही कळलं नाही.

"रोज. शाळेच्या कोपऱ्यावर लावायची, परत येताना काढायची. आडनाव आपलं असं की कुणाला काही कळत नाही. आणि मी स्वतःहून सांगितलं नाही. पहिल्या दिवशी नाही, मग रिटायर होईपर्यंत नाही. स्टाफरूममधल्या बायका चांगल्या होत्या गं. हळदीकुंकवाला हात धरून न्यायच्या. मी जायची. दर नाताळाला मला ताप यायचा. मतलब, रजेच्या अर्जात तसं लिहायची. तर त्या बिचाऱ्या मला काढा कसा करायचा ते सांगायच्या. एक तर घरी घेऊन यायला निघाली होती एकदा. मी म्हटलं, येऊ नको, लागण होईल."

बाई हसल्या. ते हसू मला बघवेना.

"हिला मारलं. झोपू दिलं नाही. मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. मी आपली घाबरून आधीच उत्तर देऊन बसले. आणि बघ, मला कुणी मंडळीतून काढलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं तर काढणार कोण? दर रविवारी पहिल्या बाकावर."

मी खाली पडलेले दाणे गोळा केले.

"खोली केवढी आहे भावाच्या घरची?" बाईंनी विचारलं. "लिहिलंय?"

"नाही, बाई."

"मग मी कशी चालणार?"

बुधवारची प्रार्थनासभा मल्हारगंजला मनोहर काकांच्या घरी होती. दुकानांच्या वरची खोली, सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली आठ-दहा माणसं. काकांच्या मोबाईलवरही ते पत्रक येत असे, आणि त्यांच्या जावयानं त्यांना ते समजावून सांगितलेलं दिसत होतं. सुरुवातीलाच त्यांनी चष्मा पुसला.

"एक दुःखाची गोष्ट," ते म्हणाले. "सारा नावाच्या बहिणीनं प्रभूला नाकारलं. आपण तिच्यासाठी आभारसुद्धा मानले. जिलबी वाटली! तर आता तिचं नाव थांबवू. तुरुंगात जे टिकून आहेत त्यांच्यासाठी मागू. नाहीतर आपल्या तरुणांपुढे काय साक्ष राहणार?"

तरुण म्हणजे मी. दुसरं कोणी नव्हतं.

"पेत्र तर येशूचा शिष्य, त्यानं पण नाकारलं होतं ना?" जॉनी भिया म्हणाले. टिंगल करत होते की काय, ते कळलं नाही.

"तो नंतर रडला, भिया."

"ही रडली नसेल, असं पत्रकात आहे का?"

"विषय वाढवू नका यार. बाई, तुम्ही सुरू करा."

हे काकांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. सुरुवात नेहमी बाईच करायच्या. बाई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

काहीच ऐकू आलं नाही.

खालच्या गल्लीत एक टेम्पो मागे येत होता, त्याची पीं पीं येत होती. कोणीतरी घसा साफ केला. मी डोळे उघडले. बाई हात जोडून उभ्या होत्या, पाठ ताठ, तोंड उघडं, आणि आवाज नव्हता. ओठ "सा" म्हणायचे आणि तिथंच थांबायचे. जिचा आवाज मैदान पार करायचा ती बाई एक नाव घेऊ शकत नव्हती. मला एकटीला माहीत होतं की आता त्यांच्या तोंडून त्या नावाबरोबर आणखी कुणाचं नाव बाहेर येणार होतं. आज साराला सोडलं तर त्यांना स्वतःलाही या खोलीत बसता येणार नव्हतं. इतक्या वर्षांनंतर, कुणी न काढता, त्या उठून गेल्या असत्या.

मनोहर काकांनी वाट पाहिली. मग त्यांना दया आली असावी. त्यांनी "आमेन" म्हणायला श्वास घेतला.

मी मंडळीत कधी मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. घरात मराठी बोलते, पण प्रार्थनेतली मराठी मला येत नाही, ते मोठे मोठे शब्द माझ्या जिभेवर वळत नाहीत. माझं जे काही आहे ते इंग्रजीत आणि मनात. गुडघे सतरंजीवर टेकलेलेच होते. काकांच्या आमेनच्या आधी मी बोलले, आणि माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला.

"प्रभू, सारा घरी आली आहे. तिच्याकडे कोणी येत नाही. तिला झोप लागू दे. तिचं दार कोणीतरी वाजवू दे, पोलीस नको, आपलं कोणीतरी. आणि तिला सांग की इंदूरला तिचं नाव आम्ही थांबवलेलं नाही. इथं आमच्यातही घाबरलेली माणसं आहेत, प्रभू, आणि ती तुझीच आहेत. मी पण."