बिनआवाजाची मोटार

हेडक्लार्कच्या सासऱ्यांची मोटार म्हणजे एक प्रस्थच होतं. लांबलचक नाक, पितळी दिवे आणि मागे मालकाला बसायला काचा-पडद्यांची वेगळी खोली. (ड्रायव्हर बसायचा उघड्यावर. मालक भिजला नाही म्हणजे झालं!) गुडघ्यांनी संप पुकारल्यावर सासऱ्यांनी ती थोरल्या जावयाला द्यायचं ठरवलं, पण अट घातली.

"रविवारी मी मागे बसून चक्कर मारणार. गाडीने फटाके वाजवायचे नाहीत, खडखडायचं नाही. नाहीतर धाकट्या जावयाला देईन."

धाकटा जावई हे हेडक्लार्कचं जुनं दुखणं. साडूच्या दारात ती मोटार उभी राहिलेली बघण्यापेक्षा पायी ऑफिसला गेलेलं बरं! म्हणून त्याने रविवारी सकाळीच बाह्या सरसावल्या. मेकॅनिकला बोलावलं नाही, आणि तिथंच माशी शिंकली.

आधी त्याने प्लगच्या सगळ्या वायरी पुसायला काढल्या. अदलाबदल नको म्हणून बायकोकडून त्यांना रंगीत धागे बांधून घेतले.

"आता ही लाल कुठे लावू?"

"लाल प्लगला."

"प्लगला कुठे बांधलायस धागा?"

"तुम्ही वायरींना बांध म्हणालात, मी वायरींना बांधले. माझ्यावर कशाला डाफरताय?"

मग सगळा अंदाजपंचे कारभार. तो पुढे हँडल फिरवतोय, ती स्टिअरिंगवरची, इंजिनची ठिणगी लवकर-उशिरा पाडायची दांडी धरून बसलेली.

"वर घे!"

"वर म्हणजे पुढे की मागे?"

"अगं वर म्हणजे—"

फट्! धुराच्या लोटाने शेजारणीचं वाळत घातलेलं पांढरंशुभ्र धुणं काळंकुट्ट झालं. तिने जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

वायरींची बरीच उलटापालट झाल्यावर इंजिन एकदाचं धडधडलं. पण आवाज कसला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा! त्याने बॉनेटखाली जुनी गोधडी कोंबली. थोडा कमी झाला. दांडी खाली ओढली, आणखी कमी झाला. तेवढ्यात सासरे आले, मागे बसले, पडदे ओढून त्यांनी डोळे मिटले. हेडक्लार्कने दांडी जिवाच्या आकांताने आणखी थोडी ओढली आणि आवाज गायबच झाला!

"अहो, बंद पडली वाटतं," खाली उभी असलेली बायको कुजबुजली.

"गप्प बस. उंची गाड्यांचं इंजिन ऐकूच येत नसतं."

त्याने ब्रेक सोडला. रस्ता उताराचा. गाडी अशी अलगद निघाली की त्याचा ऊर भरून आला. साडूचा पडलेला चेहरा त्याला आत्ताच दिसायला लागला.

उतार संपला तशी बेकरीसमोर गाडीही संपली. त्याने पॅडल दाबलं, दांडी हलवली. काहीच नाही. हिला झालं तरी काय? खाली उतरून त्याने बॉनेटला कान लावला. इंजिन चालू असेल तर गाडी हलत का नाही, आणि बंद असेल तर इथवर आली कशी?

मागून पडद्याआडून हाक आली, "वा जावईबापू, वा! आता घरी चला!"

हँडल मारावं तर फट् होणार आणि मोटार साडूकडे जाणार. तेवढ्यात बायको चपला हातात घेऊन घरापासून धावत आली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता स्टिअरिंग धरलं. बेकरीवाला, शेजारचा न्हावी, त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आणि हेडक्लार्क यांनी मागून खांदा लावला. सगळा चढ! घर येईपर्यंत हेडक्लार्कच्या छातीचा भाता झाला.

सासरे खाली उतरले, तेव्हा तो मडगार्डला टेकून धापा टाकत होता.

"शब्द दिला होता, मोटार तुमची," ते लेकीला म्हणाले. "आवाज अजिबात नाही. पण चढावर इंजिन फार धापा टाकतं गं. काही दम राहिला नाही त्यात. बदलून टाका."

बायकोने नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"जाऊ द्या हो बाबा," ती म्हणाली, "तुम्हीच बघून दिलंत ना? आता या वयात कुठे बदलत बसू?"